आधी कलम वाचा, मग घाबरा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावासाठी आपण रस्त्यावर बसतो. पोलीस उचलतात, संध्याकाळी सोडतात. आपण वेचणीला लागतो आणि विसरतो. पुढे कधीतरी समन्स येते आणि सारे घर हादरते. आज भावाबद्दल नाही, त्या कागदाबद्दल बोलायचे आहे.

सातबारा हाती आला की आपण आधी क्षेत्र बघतो, मग बोजा. गुन्ह्याचा कागदही तसाच वाचायचा. आधी कलम, मग शिक्षा, मग जामीनपात्र की अजामीनपात्र.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्याआधीच्या आंदोलनाचा खटला जुन्याच कलमांवर चालतो. वाट अडवल्याचे जुने कलम ३४१, नवे १२६. शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. बेकायदा जमावाचे जुने १४३, नवे १८९; सहा महिन्यांपर्यंत. ही दोन्ही जामीनपात्र आहेत. तिथे जामीन मिळणे हा आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. आणि 'पर्यंत' हा शब्द नीट ऐका. ती वरची हद्द आहे. तेवढी शिक्षा होतेच असे नाही.

पण दगड उचलला की हिशेब बदलतो. दंग्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सरकारी नोकराला कामात अडवण्यासाठी त्याच्यावर हात टाकला तर नवे कलम १३२ लागते. तेही दोन वर्षांपर्यंत, पण अजामीनपात्र. एसटी जाळली तर १९८४ च्या सार्वजनिक मालमत्तेच्या कायद्याने एक ते दहा वर्षे. जमावाचा उद्देश एक ठरला, तर एकाच्या दगडाची शिक्षा बाकीच्यांनाही भोगावी लागते. म्हणून दगड उचलणाऱ्याचा हात आपणच धरायचा.

अटक झाली तर कारण विचारा. घरच्यांना कळवायला सांगा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते.

आता सगळ्यात मोठा धोका. तारखेला गेलो की कोणीतरी कानात सांगतो, "कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो." पेरणीचे दिवस असतात, आपण मान डोलावतो. पण कबुली दिली की आपण दोषी ठरलो. उद्या पोलीस भरतीला उभ्या राहणाऱ्या पोराला तो कागद आडवा येतो. वकिलाला विचारल्याशिवाय कबूल म्हणू नका. तारीखही चुकवू नका, वॉरंट निघते. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बायांना, अनुसूचित जाती-जमातींना, कोठडीतल्या माणसाला आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्याला तिथे वकील फुकट मिळतो.

आणखी एक. मंत्र्याने व्यासपीठावरून "खटले मागे घेतले" म्हटले म्हणजे खटला संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो, कोर्टाने परवानगी द्यावी लागते. तो हुकूम हातात पडेपर्यंत तारखा चालूच.

गावोगाव एक वही करा. नाव, खटल्याचा नंबर, कलम, पुढची तारीख. भाव मागणे हा गुन्हा नाही. पण ज्याच्यावर खटला आहे त्याला तारखेला एकट्याने जावे लागले, तर ती आपल्या सगळ्यांची चूक ठरेल.