तिळगुळाची वडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काही गोड बोलावे, अशी रीत आहे. मी मात्र आज एक कबुली देणार आहे.

आमच्या शेजारी एक वहिनी राहत. पती वारल्यावर त्यांनाही एच.आय.व्ही.ची लागण असल्याचे कळले. सरकारी इस्पितळातून औषध सुरू झाले, प्रकृती सुधारली. पुढे ही गोष्ट बाहेर फुटली. त्या संक्रांतीला त्यांनी तिळगूळ पाठविला; मी तो घेतला, पण मुलांना खाऊ दिला नाही. त्यांच्या मुलीने ते पाहिले.

तांदळाच्या डब्यात लपविलेल्या गोळ्या मग तशाच पडून राहिल्या. वहिनी पुढे म्हणाल्या, "विसरले नव्हते हो, पण जगायचे कोणासाठी, असे वाटे."

भगिनींनो, हे औषध भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य देण्यास आरंभ केला. आज बहुतेकांना दिवसाकाठी एकच गोळी पुरते. परंतु ती रोज हवी. खंड पडला की रक्तातील औषध कमी होते, विषाणू वाढतो, आणि कधी त्याच औषधाला दाद देईनासा होतो. उलट नियमाने घेतल्यास तपासणीत विषाणू सापडू नये इतका तो दबतो. मग शरीरसंबंधातूनही दुसऱ्यास लागण होत नाही. एकत्र जेवण्याने तर ती कधीच होत नाही.

म्हणून मनाकडेही पाहावे. दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कशातच जीव रमत नाही, तर तो आजारच समजावा. तो उपचाराने बरा होतो. गोळीने त्रास झाला, तरी आपल्या मनाने ती सोडू नये. औषध देणाऱ्या केंद्रातील डॉक्टरांना व समुपदेशकांना सांगावे. मन फार खचले, तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आपण शेजारणींनी काय करावे? चारचौघांत गोळीची चौकशी करू नये. संमतीवाचून कोणाची लागण उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. पण दार वाजवावे, बसावे, चहा घ्यावा.

मी गेले, क्षमा मागितली. वहिनींनी स्वतःच्या मनाने केंद्राची वाट पुन्हा धरली. या संक्रांतीला त्यांच्या हातची वडी आम्ही सर्वांनी खाल्ली. वहिनींच्या संमतीनेच हे चार शब्द बोलले, ते येथे पुरे करते.