पहिली ठेच

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या समारंभात दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभा जन्म गेला तो प्राथमिक शाळेतील मुलांना पाढे शिकविण्यात. तेव्हा महाविद्यालयात जाणाऱ्यांना चार गोष्टी सांगण्याचा आमचा अधिकार तो काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो रास्तच होय. त्याचे उत्तर आमच्या बोलण्याच्या ओघात येईल.

आताच या व्यासपीठावर गुणवंतांच्या गळ्यात हार पडले, त्यांचे टक्के वाचले गेले, टाळ्या झाल्या. हे सर्व योग्यच झाले. परंतु हाराची फुले सुकतात, महाविद्यालय सुरू होते आणि काही महिन्यांनी पहिल्या सत्राचा निकाल लागतो. त्या निकालासाठी कोणी सभा भरवीत नाही. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते त्याच निकालाविषयी.

गतवर्षी याच ठिकाणी आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवाचा सत्कार आमच्याच हस्ते झाला. त्यास अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. हिवाळी परीक्षेत तो गणितात नापास झाला. घरी त्याने 'निकाल अजून लागावयाचा आहे' असे सांगितले आणि महिना गेला, दोन महिने गेले, तरी तो निकाल काही लागेना. यंदाच्या मेळाव्याला चल म्हणताच तो म्हणाला, "आजोबा, मी येत नाही. गेल्या वर्षी ज्यांनी टाळ्या वाजविल्या, तेच यंदा 'कसं चाललंय' म्हणून विचारतील." तेव्हा कोठे आम्हांस खरा प्रकार कळला. त्याच्या संमतीनेच आम्ही हे येथे सांगत आहोत.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कारण पन्नास वर्षांपूर्वी आम्हीही तेच केले होते.

१९७५ साली जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, आम्ही चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो. आईची पाटली गहाण ठेवून वडिलांनी आम्हांस तालुक्याच्या गावी महाविद्यालयात घातले. तेथे सारे शिकविणे इंग्रजीतून. पहिल्या सत्रात गणितात शंभरांपैकी सत्तावीस गुण मिळाले. शाळेत ज्या विषयात आमचा हात कोणी धरीत नव्हते, त्याच विषयात! दिवाळीला घरी आलो ते परत गेलोच नाही. वडिलांना सांगितले, 'खानावळीचा खर्च झेपत नाही.' त्यांनी ते खरे मानले. पुढे आम्ही अध्यापक विद्यालयात गेलो, नोकरी लागली, संसार झाला. परंतु वडील अखेरपर्यंत म्हणत असत, 'माझ्या गरिबीने पोराचे शिक्षण बुडविले.' त्यांना खरे सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही आणि ती टोचणी उराशी घेऊनच ते गेले. बंधूंनो, सत्तावीस गुणांनी आमचे फार थोडे बिघडविले. बिघडविले ते लपविण्याने.

आता विद्यार्थी मित्रांस सांगतो. पहिल्या सत्रात घसरगुंडी होते ती बुद्धी आटली म्हणून नव्हे. शाळेत शिक्षक रोज वही तपासतात, महाविद्यालयात कोणी विचारीत नाही. प्रवेशपरीक्षेत चार पर्यायांतून एक निवडावयाचा असतो, विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तराची मांडणी पायरीपायरीने करावी लागते. त्यात भाषा नवी, वसतिगृह नवे, सोबती नवे. रोप एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात लावले की काही दिवस मान टाकते, म्हणून माळी ते उपटून फेकीत नाही.

थोरांचीही उदाहरणे पाहा. रामानुजन यांना १९०४ साली कुंभकोणमच्या महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली आणि गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्याने ती गेली. खिन्न होऊन ते घर सोडूनही गेले होते. तेच रामानुजन १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. नापास झालेला प्रत्येक जण रामानुजन होतो, असे आम्ही म्हणत नाही. परंतु गुणपत्रक म्हणजे माणसाचे मोजमाप नव्हे, एवढे त्यावरून निश्चित कळते. याहून उपयोगी उदाहरण गांधीजींचे. लंडनमध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ते लॅटिनमध्ये नापास झाले. त्यांनी धीर सोडला नाही. लॅटिनचा अभ्यास पुन्हा केला, न रुचणारे रसायनशास्त्र सोडून दुसरा शास्त्रविषय घेतला, राहणी अधिक साधी केली आणि पुढच्या खेपेस उत्तीर्ण झाले. चुकले कोठे हे शोधणे आणि तेवढे बदलणे, यालाच आम्ही प्रयत्न म्हणतो.

म्हणून निकाल वाईट लागला तर पुढीलप्रमाणे करावे. पहिल्याच दिवशी घरी सांगावे. गुणपत्रक नीट वाचावे आणि अंतर्गत गुण कमी पडले की लेखी परीक्षेचे, ते पाहावे. शंका असल्यास विद्यापीठाने दिलेल्या मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, ती विषयाच्या प्राध्यापकांना दाखवावी आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा विचार करावा. ज्यास मुले 'केटी' म्हणतात, ती सवलत आहे, शिक्षा नव्हे. मात्र राहिलेला विषय लगेचच्या परीक्षेत सोडवावा. साचलेले विषय सावकाराच्या व्याजासारखे वाढतात. शिष्यवृत्तीच्या आणि वसतिगृहाच्या अटीही वाचून ठेवाव्यात.

हिशोबही मांडून पाहावा. समजा, प्रत्येकी चार श्रेयांकांचे पाच विषय आहेत आणि त्यांत ८, ७, ७, ६ व ० असे श्रेणीगुण मिळाले. सरासरी ५.६ येते. तोच शून्याचा विषय पुढच्या खेपेस ६ श्रेणीगुणांनी सुटला, तर ती ६.८ होते. आणि हे तर एकाच सत्राचे झाले. पदवीला अशी सहा किंवा आठ सत्रे असतात.

ज्ञातीतील काही मुले अमेरिकेतही शिकावयास जातात. तेथील महाविद्यालयात प्रवेश मिळाल्यावरही शाळेचे अंतिम गुणपत्रक पाठवावे लागते, आणि गुण फारच घसरले तर दिलेला प्रवेश मागेही घेतला जातो. अशा वेळी त्यांनी विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन पत्र लिहावे. काय झाले, का झाले आणि आता काय करीत आहोत, हे मोजक्या शब्दांत कळवावे. सबबी सांगू नयेत. येथे असो वा तेथे, सरळपणासारखी दुसरी शिफारस नाही.

पालकांस एवढीच विनंती की, मूल निकाल सांगावयास आले तर प्रथम त्यास जेवू घालावे. शेजारच्या मुलाचे टक्के त्या दिवशी काढू नयेत. मूल अबोल झाले, जेवेनासे झाले, जीव नकोसा झाल्याचे बोलू लागले, तर विलंब न लावता वैद्यकीय सल्ला घ्यावा. शासनाची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तिचा उपयोग करण्यात कसलाही कमीपणा नाही.

शेवटी कार्यकारी मंडळास एक सूचना. ज्ञातीत अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांपैकी दोघा-तिघांनी दर रविवारी सकाळी दोन तास आपल्या सभागृहात बसावे आणि ज्यांचे विषय राहिले आहेत त्यांना शिकवावे. तेथे येणाऱ्याचे नाव कोणत्याही वहीत लिहू नये. ज्यांना पुनर्परीक्षेचे शुल्क जड जाते, त्यांच्यासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये आज अध्यक्षांकडे देत आहोत. तिजोरीत ते आमच्या वडिलांच्या नावाने जमा व्हावेत. त्यांचे देणे आमच्याकडून राहून गेले होते.

आमचा नातू आज येथे आला आहे आणि मागच्या रांगेत बसला आहे. सभा संपल्यावर आपण त्यास अवश्य भेटावे. टक्के विचारू नयेत. गणितातला कोणता भाग अडतो, ते विचारावे.