सिरीज बोर्ड: १०० वॅटचा चौकीदार

लॅपटॉपचा चार्जर उघडून दुरुस्त केला आणि थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला, म्हणजे टेस्टिंग न करता कोड लाइव्ह टाकण्यासारखंच. आधी सिरीज बोर्ड. दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर असतो ना, बल्बवाला, तोच.

फेजची वायर स्विचमधून होल्डरला, तिथून सॉकेटला. न्यूट्रल सरळ सॉकेटला. बल्ब जुना १०० वॅटचा, तारेचाच हवा. एलईडी नाही चालत. आता चार्जर शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, पण एमसीबी पडत नाही, कारण करंट ०.४३ अँपिअरच्या आसपासच थांबतो. ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून विझतो. इस्त्रीला मात्र हा हिशोब लावू नका हं. ती चांगली असली तरी बल्ब जवळजवळ पूर्णच पेटतो.

आणि हे नीट ऐका. हा बल्ब वस्तू वाचवतो, तुम्हाला नाही. ०.४३ अँपिअर माणसाला मारायला भरपूर झाला. हात लावण्याआधी प्लगच काढा. त्यानंतरही चार्जरमधला मोठा कपॅसिटर थोडा वेळ भरलेला राहतो, त्याला लगेच बोट लावू नका. जोडणीची खात्री नसेल तर बोर्ड वायरमनकडून करून घ्या.