वेलिंग्टनचे तांबे आणि १८१८ चे साल

इ. स. १८०३ च्या ऑगस्ट महिन्याच्या १२ तारखेस अहमदनगरचा भुईकोट किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. आज ज्या जिल्ह्यास अहिल्यानगर असे नाव आहे, त्याच्या इतिहासातील ही सर्वश्रुत घटना होय. किल्ला घेणारा सेनापती आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. परंतु त्याचा मुखवटा इंग्लंडात खासगी रीतीने पाडलेल्या तांब्याच्या टोकनांवर उमटला होता, हे फार थोड्यांस ठाऊक असते. अशा एका टोकनावर व्हिमिएरा, तालावेरा, बुसाको, बदाहोस, सालामांका अशी स्पेन-पोर्तुगालातील रणक्षेत्रांची नावे आहेत. नगरचे नाव त्यांत नाही.

टोकन म्हणजे नाणे नव्हे. नाणे राजाज्ञेने चालते. टोकन चालते ते काढणाऱ्याच्या शब्दावर. १७७५ पासून १७९७ पर्यंत इंग्लंडच्या सरकारी टांकसाळीतून तांब्याचा खुर्दा जवळजवळ बाहेरच पडला नाही. इकडे कारखाने व खाणी वाढत होत्या. मजुरांचा पगार भागवावा कसा, आणि दुकानदाराने मोड द्यावी कोठून? तेव्हा १७८७ साली वेल्समधील अँगल्सी बेटावरच्या तांब्याच्या खाणीने स्वतःची टोकने पाडली. ती अमुक ठिकाणी आणून दिल्यास त्यांचे पैसे मिळतील, असे वचन त्यांच्या कडेवर कोरलेले असे. पाहता पाहता गावोगावच्या व्यापाऱ्यांनी हाच मार्ग धरला. लोकांस संग्रहाचा छंद इतका जडला की, केवळ संग्राहकांस विकण्यासाठीही टोकने निघू लागली. इप्स्विच येथील जेम्स काँडर याने १७९८ मध्ये त्यांची सूची छापली; म्हणून ती आजही त्याच्या नावाने ओळखली जातात.

ही सारी कथा महाराष्ट्रास परकी नाही. बर्मिंगहॅमजवळील सोहो येथे मॅथ्यू बोल्टनच्या वाफेच्या यंत्रांवर अँगल्सीची टोकने पडत. त्याच कारखान्यात १७९१ साली ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईसाठीचे पैसेही पडले. त्यांच्या एका अंगास कंपनीचे व्यापारी चिन्ह, तर दुसऱ्या अंगास तराजू व फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय, हा शब्द आहे.

काही टोकनांचे काम व्यापाराचे नव्हते, राजकारणाचे होते. लंडनचा पुस्तकविक्रेता टॉमस स्पेन्स याचे मत असे की, जमीन साऱ्या गावाच्या सामाईक मालकीची असावी. १७९४ साली राजद्रोहाच्या संशयावरून त्यास चौकशीविना सात महिने तुरुंगात ठेवण्यात आले. त्याने आपला मुखवटा व या सात महिन्यांच्या कैदेची नोंद टोकनावर उमटवून ते लोकांत पसरविले. नगरच्या किल्ल्यातही १९४२ पासून १९४५ पर्यंत पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद प्रभृती पुढारी खटल्याविनाच स्थानबद्ध होते, आणि तेथेच नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. बंदिवानाचा शब्द भिंतीबाहेर जावयाचा तो कधी ग्रंथातून, कधी अर्ध्या पेनीच्या तांब्यातून.

१८१७ च्या कायद्याने इंग्लंडात तांब्याची टोकने बंद करण्याचे ठरले, आणि १८१८ पासून, एक-दोन अपवाद वगळता, त्यांचे चलन संपले. त्याच १८१८ साली पेशवाई बुडाली व नगर प्रांत कंपनीच्या अमलाखाली स्थिरावला. आता हेच साल जत्रांतून व जुन्या बाजारांतून विकल्या जाणाऱ्या एका तुकड्यावर वारंवार दिसते. एका अंगास रामदरबार, दुसऱ्या अंगास इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा व १८१८. देवघरात पूजेसाठी ठेवावयास असा तुकडा घेतला, तर त्यात काहीच वावगे नाही. परंतु तो कंपनीचा दुर्मिळ आणा आहे, त्याची किंमत लाखांत आहे, तो तांदळाचे दाणे ओढून घेतो, असे सांगून भोळ्या कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी लुबाडली जाते.

या फसवणुकीवर उपाय संग्राहकाच्या साध्या शिस्तीत आहे. मुंबई इलाख्यात कंपनीचा अर्धा आणा निघाला तो १८३४ साली. त्यावर कंपनीची ढाल-चिन्हे व तोच जुना तराजू आहे. साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच नाणेपद्धती आली ती १८३५ साली. तेव्हा १८१८ चा रामदरबारी आणा कंपनीने पाडलाच नाही, हे केवळ सन ताडून पाहिल्यानेही ध्यानात येते.

टोकन हाती आले की जाणता संग्राहक प्रथम तीन प्रश्न विचारतो: हे कोणी काढले, केव्हा काढले, आणि याचे पैसे देण्याचे वचन कोणी दिले? अँगल्सीचे टोकन या तिन्हींचे उत्तर स्वतःच्या अंगावर बाळगते. आजोबांच्या पेटीतील तांबे पारखताना, आणि त्याहून अधिक, दारी आलेल्या विक्रेत्यास पैसे मोजण्यापूर्वी, घरातील शिकलेल्या माणसाने हे प्रश्न मोठ्याने विचारावेत.