हलू नये, आवळूही नये
(शिरूर-दौंड परिसरातील वाहतूकदार, पॅकिंग कारागीर आणि जुन्या वस्तूंचे संग्राहक यांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



२६ मार्च १९३६ रोजी अमेरिकेतल्या कॉर्निंग गावाहून एक मालगाडी निघाली. तिच्यावर महत्त्वाचा डाग एकच होता: पालोमारच्या दुर्बिणीसाठी ओतलेली, २०० इंच व्यासाची आणि सुमारे २० टन वजनाची काचेची तबकडी. ती आडवी झोपवलेली नव्हती. पोलादी पेटीत, कडेवर उभी केलेली होती. गाडीने ताशी २५ मैलांपेक्षा जास्त वेग घ्यायचा नाही आणि चालायचे ते फक्त दिवसा, असा हुकूम होता. सारा देश ओलांडून १० एप्रिलला ती पॅसाडेनाला पोहोचली. काच शाबूत होती.

दौंडच्या लोकांना या गोष्टीतले मर्म समजावून सांगावे लागत नाही. १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाला, तेव्हापासून या जंक्शनाने माल चढताना आणि उतरताना पाहिला आहे. शिरूरला रेल्वे नाही; तिथला सारा माल रस्त्यानेच जातो. या दोन तालुक्यांतून कांदा जातो, द्राक्षे जातात, डाळिंबे आणि अंडी जातात, रांजणगावच्या एमआयडीसीतली यंत्रे जातात. द्राक्षाच्या पेटीत कागद कसा घालावा, अंड्यांचे ट्रे किती थरांपर्यंत रचावेत, हे इथल्या हातांना पाठ आहे. मात्र गावातला जुना वाडा उतरवायला काढला की माजघरातली हंडी वर्तमानपत्रात गुंडाळली जाते, गोधडीत कोंबली जाते आणि टेम्पोत पाट्या-पहारींच्या शेजारी जाऊन बसते. द्राक्षाला मिळते तेवढी काळजी शंभर वर्षांच्या काचेला मिळत नाही. आजच्या मेळाव्यापुढचा प्रश्न हाच आहे.

या भागात जुनी काच परकी नाही. पेशवाईच्या उत्तरकाळापासून सरदार-सावकारांच्या वाड्यांत हंड्या, झुंबरे, बिलोरी आरसे आणि चिनी कारागिरांच्या हातची काचचित्रे आली. पुढे काच इथेच घडू लागली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली याच पुणे जिल्ह्यात, तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काम शिकवत होते. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. दिनकर केळकरांनी पुण्यात जमवलेल्या आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेल्या संग्रहात काचचित्रेही आहेत. तो ठेवा वाचला, कारण एका माणसाने तो वेळीच उचलला आणि नीट उचलला.

काच का फुटते? ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली त्याचे उत्तर दिले. काच मुळात दुबळी नाही. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात आणि ताण आला की तो त्या चिरांच्या टोकाशी साठतो. दाब काच पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाही. शंभर वर्षे पुसल्या-घासल्या गेलेल्या हंडीवर अशा चिरा नव्या पेल्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून ‘इतकी वर्षे टिकली, आता काय होतंय’ हा हिशेब चुकीचा आहे.

यावरचा उपाय कासारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बाजारात फिरणारा कासार बांगड्या सुट्या नेत नाही. तो त्या दोरीत ओवतो आणि एकमेकींना लागून अशा बांधतो की त्यांना आपटायला जागाच उरत नाही. पण दोरी इतकीही ओढत नाही की कडेची बांगडी चिरावी. हलू नये आणि आवळूही नये. पॅकिंगचे सगळे शास्त्र याच दोन गोष्टींभोवती फिरते.

एक हंडी समोर ठेवून हे काम पाहू. आधी तिचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. असलेली चीर, कपरी, उडालेले सोनेरी काम लिहून ठेवावे. पितळी साखळ्या, कडी आणि वरचे धुराचे झाकण वेगळे करून वेगळे बांधावे, कारण वाटेत काचेला सर्वांत जास्त मार बसतो तो तिच्याच पितळेचा. उचलताना काठाला धरू नये. एक हात बुडाखाली, दुसरा अंगाला. पोटात मऊ, आम्लविरहित कागदाचे सैल गोळे घालावेत. ते दाबून बसवले तर हंडी आतून तडकते. बाहेरून त्याच कागदाचे दोन-तीन पदर घ्यावेत. छापील वर्तमानपत्र नको. त्याची शाई सोनेरी कामाला लागते. चिकटपट्टी काचेला कधीही लावू नये.

त्यानंतर बबल रॅप. हे प्लास्टिक १९५७ साली न्यू जर्सीत दोन संशोधकांनी भिंतीवर लावायचा कागद म्हणून बनवले होते. पॅकिंगसाठी त्याचा उपयोग नंतर सुचला. त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला असावेत, म्हणजे उन्हात तापल्यावर काचेवर गोल वळ उमटत नाहीत. गुंडाळलेली हंडी पहिल्या खोक्यात बसवावी. ते खोके दुसऱ्या, मोठ्या खोक्यात ठेवावे आणि दोन्हींमध्ये सर्व बाजूंनी, तळाशी आणि वरही, निदान दोन-अडीच इंच फोम किंवा कागदाची भर द्यावी. धक्का बसतो तो बाहेरच्या खोक्याला आणि विरतो तो या भरीत. शेवटी खोके दोन हातांनी हलकेच हलवून कान द्यावा. आतून कसलाही आवाज येता कामा नये. आला, तर खोके उघडून काम पुन्हा करावे.

झुंबराच्या लोलकांना क्रमांकाची चिठ्ठी बांधावी आणि प्रत्येक लोलक वेगळ्या कप्प्यात ठेवावा. आरसे आणि काचेचे तक्ते पालोमारच्या तबकडीसारखे उभेच न्यावेत. काचचित्राचा रंग काचेच्या मागच्या अंगाला असतो. त्याचे पोपडे सुटत असतील तर ते संग्रहालयातल्या तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय हलवूच नये.

पूर्वी भाताचा पेंढा आणि लाकडाचा भुसा वापरत. ते स्वस्त होते आणि धक्काही झेलत. पण त्यांत ओल आणि कीड राहते, आणि काही जुन्या काचा ओलीने ‘रडतात’: त्यांच्यातले क्षार पृष्ठभागावर येतात आणि काच चिकट, धुरकट होते. म्हणून पावसाळ्यात असा माल शक्यतो पाठवू नये.

आता रस्त्याकडे येऊ. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणारा टेम्पो गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चालतो, गतिरोधकांवर आदळतो. मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या भागाला सर्वांत मोठे हिसके बसतात, आणि हमालाच्या सोयीसाठी काचेचे खोके बहुतेक वेळा तिथेच शेवटी ठेवले जाते. ते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, पट्ट्याने बांधून ठेवावे. चालकाला आत काय आहे ते नाव घेऊन सांगावे. ‘सांभाळून’ या नुसत्या शब्दापेक्षा ‘आत आजीची हंडी आहे’ हे वाक्य त्याच्या लक्षात राहते.

परदेशातल्या मुलांना घरातली वस्तू पाठवणाऱ्यांनी कायदा माहीत करून घ्यावा. पुराणवस्तू आणि कलावस्तू अधिनियम १९७२ प्रमाणे शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तूंची खासगी निर्यात करता येत नाही. वस्तू त्या व्याख्येत बसत नाही असे वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्यावा लागतो. तळेगावची सर्वांत जुनी काच शंभरी ओलांडून गेली आहे, हे ध्यानात ठेवावे.

एवढे करूनही एखादी वस्तू फुटली, तर एकही तुकडा टाकू नये आणि घरच्या घरी डिंक लावू नये. ब्रिटिश म्युझियममधल्या रोमन काळातल्या पोर्टलंड कलशाचा १८४५ साली एका माणसाने चक्काचूर केला. त्याचे तुकडे जपले गेले, आजवर तीनदा तो नव्याने जुळवला गेला आणि तो कलश आजही लोकांना पाहायला मिळतो.

या मेळाव्याकडून दोन मागण्या आहेत. प्रत्येक वाहतूक कार्यालयाने आपल्या दोन हमालांना आणि एका चालकाला हे काम शिकवावे आणि त्याचा वेगळा मेहनताना ठरवून द्यावा. आणि ज्यांच्या माळ्यावर हंडी, कंदील किंवा काचचित्र आहे, त्यांनी वाडा पाडायची तारीख ठरण्याची वाट न पाहता, या दिवाळीच्या सफाईतच ते खाली घ्यावे, त्याचे फोटो काढावेत आणि पेटीत नीट बसवून पेटीवर नाव लिहावे.