तुरुंगाची पुण्याई पुरत नाही



बंडखोरांचे पोवाडे गायचे आणि सत्तेत गेल्यावर ते काय करतात याकडे पाठ फिरवायची, ही आपल्या साहित्यविश्वाची सवय मोडली पाहिजे. क्रोएशियाचे द्राझेन बुदिशा यांची कारकीर्द मी त्यासाठीच मांडतो आहे. १९७१ मध्ये, क्रोएशिया युगोस्लाव्हियाचा भाग असताना, ऐन तेविशीत ते झाग्रेबच्या विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष होते. क्रोएशियाने मिळवलेले परकीय चलन क्रोएशियातच राहावे, या मागणीसाठी विद्यार्थ्यांनी नोव्हेंबरात संप केला. डिसेंबरात युगोस्लाव्हियाचे सर्वेसर्वा टिटो यांनी क्रोएशियाचे नेतृत्व हटवले, बुदिशांना अटक झाली आणि पुढे चार वर्षांची शिक्षा. त्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु तुरुंगवास माणसाचे धैर्य सिद्ध करतो, त्याचा राजकीय विवेक नव्हे, हे मी ठामपणे सांगतो.

पुरावा त्याच देशात आहे. त्याच दडपशाहीत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रान्यो तुज्मान यांनीही तुरुंगवास भोगला. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत हे दोन माजी कैदी समोरासमोर आले; तुज्मान यांना सुमारे ५७ टक्के मते पडली, बुदिशांना सुमारे २२. पुढे १९९५ मध्ये विरोधकांनी झाग्रेब जिंकले, तेव्हा तुज्मान यांनी त्यांच्या महापौरांना मान्यताच दिली नाही. कोठडी भोगलेला माणूस लोकशाहीवादी होतोच, हा समज इथेच कोसळतो. उलट क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या छायेत आपला सोशल लिबरल पक्ष उभा ठेवून विरोधी राजकारण जिवंत ठेवणे, हे बुदिशांचे संपाहूनही मोठे काम होय.

बुदिशांची खरी कसोटी २००१ मध्ये लागली. तेव्हा त्यांचा पक्ष पंतप्रधान इवित्सा राचान यांच्या सरकारात होता. युद्धगुन्ह्यांचे आरोप असलेल्या आदेमी आणि गोतोविना या सेनानींना हेगच्या आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायालयाकडे सोपवण्याचा निर्णय सरकारने घेतला आणि बुदिशांनी त्याला विरोध केला. त्यांचे समर्थक म्हणतील, २०१२ मध्ये गोतोविना अपिलात निर्दोष सुटले, म्हणजे बुदिशाच खरे ठरले. मुळीच नाही! निर्दोषत्वाचा तो निर्णय न्यायालयाने दिला, आणि आरोपी न्यायालयापुढे उभा राहिला म्हणूनच देता आला. खटलाच नाकारला असता, तर संशय कायम राहिला असता. दुसरा आक्षेप असा की, १९७१ चा राष्ट्रवादीच २००१ मध्ये बोलत होता, ही निष्ठाच नव्हे काय? निष्ठा होती, हे मान्य. पण सत्तेविरुद्ध नागरिकाचा हक्क मागणे वेगळे आणि सत्तेत बसून आपल्या सेनानींना न्यायालयापासून वाचवू पाहणे वेगळे. पहिल्यात दुर्बळाला कायद्याचा आधार मिळतो. दुसऱ्यात कायदा बलवानापुढे दुर्बळ होतो.

म्हणून लेखकांना माझे आवाहन आहे: बंडखोराचा गौरव जरूर करा, पण त्याच्या हाती सत्ता येताच त्याला तेच प्रश्न विचारा, जे त्याने कधीकाळी सत्तेला विचारले होते. हे न विचारणारा लेखक सत्तेचा भाट ठरतो.