जंबुपार प्रकाशाची साक्ष

१९८३ सालच्या एप्रिल महिन्यांत हँबुर्ग येथील ‘श्टर्न’ साप्ताहिकानें हिटलरच्या दैनंदिन्या हातीं आल्याची घोषणा केली, तेव्हां हस्ताक्षर-तज्ज्ञांची ग्वाही त्याच्या पदरीं होती. एका नामवंत इंग्रज इतिहासकारानेंही प्रथम त्या खऱ्या मानल्या. वह्यांपायीं ९३ लक्ष मार्क खर्चीं पडले होते. परंतु प्रश्न पैशाचाच नव्हता. त्यांतला हिटलर यहुद्यांच्या संहाराविषयीं जवळजवळ अजाण भासत होता. वह्या खऱ्या ठरत्या, तर त्या पापाचा हिशेबच बदलला असता.

पश्चिम जर्मनीच्या परीक्षकांनीं कागदावर जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरण टाकले. हे डोळ्यांस दिसत नाहींत. निकेलमिश्रित काळ्या कांचेनें दिव्याचा दृश्य प्रकाश अडविला म्हणजे सुमारें ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे किरण तेवढे बाहेर पडतात. कांहीं पदार्थ ते गिळतात आणि मोबदल्यांत निळसर उजेड परत देतात. श्रोत्यांच्या घरीं पांढऱ्या कपड्यांस टिनोपाल देतात, त्यांतली किमया हीच. नीळ पिवळेपणा नुसता झांकते. टिनोपाल स्वतः उजेड टाकतें.

अशाच जातीचें शुभ्रक गिरण्या कागदाच्या लगद्यांत घालूं लागल्या, तें महायुद्ध संपल्यावर. हिटलर तर १९४५ सालींच मेला होता. आणि वह्यांचीं पानें दिव्याखालीं लख्ख उजळलीं! तीं जुनाट दिसावीं म्हणून कोनराड कुयाऊनें त्यांवर चहा ओतला होता. चहानें डोळे फसले, दिवा फसला नाहीं. ६ मे रोजीं वह्या बनावट असल्याचें जाहीर झालें व १९८५ सालीं कुयाऊस साडेचार वर्षांची शिक्षा झाली. मग हस्ताक्षर-तज्ज्ञ कसे चुकले? त्यांनीं ताडून पाहिलेल्या नमुन्यांतही कुयाऊच्याच हातचे कागद होते!

तथापि या दिव्याची साक्ष एकांगी असते. शुभ्रकयुक्त कागद जुना नव्हे, इतकें तो छातीठोक सांगतो. न उजळणारा कागद मात्र जुनाच असेल असें नाहीं, कारण शुभ्रकाविना कागद आजही निघतो. गुन्ह्याच्या जागींही तोच प्रकार. लाळ व वीर्य यांचे डाग फिकट चमकतात, पण धुण्याच्या पावडरीचा डागही चमकतो. वाळलेलें रक्त उजळतच नाहीं, काळें दिसतें. म्हणून तपासनीस दिव्यानें डाग केवळ हेरतो. तो कशाचा, हें प्रयोगशाळा ठरविते. त्यांतही आखूड तरंगांच्या जंबुपार किरणांनीं डागांतील डीएनए बिघडतो. अशा दिव्याचा झोत त्यावर फार वेळ ठेवून चालत नाहीं.